कोपीतल्या मुलाची नोंद कुठं? – स्थलांतरित मजुरांचे हक्क आणि स्वयंसेवी संस्थांचं काम



'रोजगारासाठी लोक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी राहायला जातात, त्याला स्थलांतर म्हणतात.' ही व्याख्या चौथी-पाचवीतलं मूल घडाघडा म्हणून दाखवतं. पण त्याच वर्गात मागच्या रांगेत दिवाळीनंतर आलेलं आणि होळीच्या सुमारास जाणारं एक मूल बसलेलं असतं. ती व्याख्या म्हणजे आपणच, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. आज आपण या मुलाच्या बाजूने हा विषय समजून घेऊ. त्याच्या आई-वडिलांचे हक्क कोणते, ते मिळत का नाहीत आणि ते मिळवून देण्यासाठी संस्था-संघटना नेमकं काय करतात, हे बघू.

ओतूरला राहणाऱ्याला स्थलांतर बघायला लांब जावं लागत नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड, पाथर्डी, चाळीसगाव अशा भागांतून ट्रक भरून माणसं, बैल, भांडी, शेळ्या आणि पोरं उतरतात. चार दिवसांत कोप्या उभ्या राहतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पारगावच्या भीमाशंकर कारखान्याभोवतीही हेच चित्र असतं. कांदा काढणीला आला की माळशेजच्या बाजूने, मुरबाड-अकोल्याकडून ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबं येतात आणि एकरावर उक्तं काम घेतात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजारच भरतो. शेतकरी पिकअप घेऊन येतो, मजुरीचा भाव ठरतो आणि उजाडायच्या आत माणसं शिवारात पोचलेली असतात.

यांना आपण सहज 'बाहेरचे' म्हणतो. मला हा शब्द आवडत नाही, आणि जुन्नरच्या माणसाला तर तो शोभतही नाही. मुंबईचे डबेवाले कुठले? खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी याच भागातले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने मुंबईत एका खोलीत दहा-दहा जणांनी दिवस काढले. तिथे ते टिकले, कारण एकटे नव्हते. गावकऱ्यांची मंडळं होती, खाणावळी होत्या, पुढे डबेवाल्यांची नोंदणीकृत संस्थाही झाली. शहरात गेलेल्या माणसाला आधार लागतो तो अशा संघटनेचा. कोपीत राहणाऱ्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

गाव सुटलं की काय काय सुटतं?

ऊसतोडीचा व्यवहार आधी समजून घ्या. मुकादम हंगामाआधी गावात जाऊन 'उचल' देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हणजे हिशेबात दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. उचल फिटेपर्यंत तोडणी करायची आणि नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. पावसाळ्यात घरात लग्न झालं, आजारपण आलं, तर ती उचल केव्हाच संपलेली असते.

आता कायदा काय सांगतो? संविधानाच्या कलम १९ नुसार भारताच्या नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क आहे. कलम २३ ने वेठबिगारी बंद केली आहे. कागदावर सगळं ठीक आहे. अडचण अशी की बाकीच्या सगळ्या सोयी गावाला बांधलेल्या. रेशन कार्ड गावाकडचं. अंगणवाडीतलं नाव गावाकडं. गरोदर बाईचं तपासणी कार्ड गावाकडच्या उपकेंद्रात. मुलाचं नाव तिथल्या हजेरीपटावर. माणूस दोनशे किलोमीटर सरकला, पण त्याची नोंद जागची हलली नाही.

आणखी एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा! १९७९ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. तो 'आंतरराज्य' कामगारांसाठी होता. म्हणजे ओडिशातून वीटभट्टीवर आलेला कामगार त्यात बसायचा. पण बीडहून ओतूरला आलेला बसत नव्हता, कारण तो राज्याबाहेर गेलेलाच नव्हता. अकोल्याहून डोंगर उतरून आलेली ठाकर बाईही त्यात नव्हती. महाराष्ट्रात हंगामी स्थलांतर करणाऱ्या लाखो माणसांचा प्रवास जिल्हा ओलांडतो, राज्याची सीमा ओलांडत नाही. त्या कायद्याचं हे भोक मोठं होतं.

संस्था पहिल्यांदा काय करतात? मोजतात

स्वयंसेवी संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वह्या-दप्तरांचं वाटप आणि फोटो येतो. तसं करणाऱ्याही आहेत, नाही असं नाही. पण ज्या संस्थांनी खरोखर फरक पाडला त्यांची सुरुवात वेगळी दिसते. त्या मजुरांच्या जागी गेल्या आणि तिथे किती माणसं, किती मुलं आहेत हे त्यांनी मोजलं.

१९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधकाम चालू होतं. तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिचं काम मुंबई-पुण्यातही आलं. बांधकाम संपलं की पाळणाघरही मजुरांबरोबर पुढच्या जागी जाणार, ही कल्पना त्या काळात नवीन होती. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल.

हीच कल्पना महाराष्ट्रात वेगवेगळ्या रूपांत दिसते. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भट्टीच्या जागेवरच 'भोंगा शाळा' भरवल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत 'संतुलन' संस्थेने १९९७ पासून 'पाषाण शाळा' चालवल्या. तिथे फक्त शाळाच नव्हती, तर खाण कामगारांना रेशन कार्ड, मतदार यादीत नाव, राहत्या जागेचा पुरावा मिळावा म्हणूनही झगडावं लागलं. 'डोअर स्टेप स्कूल'ने १९८८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतून सुरुवात केली. पुढे पुण्यात बांधकामांच्या जागी वर्ग घेतले आणि कुठल्या साईटवर किती मुलं आहेत याची नागरिकांना बरोबर घेऊन मोजणी केली. कोल्हापुरात 'अवनि' वीटभट्टी आणि ऊसतोडीच्या मुलांसाठी काम करते. साखर कारखान्यांच्या आवारात 'जनार्थ' या संस्थेने साखरशाळा चालवल्या.

मोजण्याला मी इतकं महत्त्व का देते, याचं उदाहरण आपल्याच शिक्षण विभागातलं आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. हेतू चांगला होता. पण आकडा फार कमी आला म्हणून अनेक संस्थांनी त्यावर आक्षेप घेतले. जरा विचार करा, जुलै महिन्यात ऊसतोडीचं मूल कुठं असतं? गावाकडं, शाळेत. म्हणजे त्या दिवशी ते शाळाबाह्य नसतंच. ते शाळाबाह्य होतं नोव्हेंबरात. मोजायचा दिवस चुकला की मूल हिशेबातून निसटतं.

आपल्या तालुक्यात उसात बिबट्या असतो हे सांगायला नको. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, तिथे वन विभागाबरोबर एक स्वयंसेवी संस्था काम करते. प्रत्येक बिबट्याची तिथे नोंद असते, आणि असायलाच हवी. त्याच उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, दार नसलेल्या जागी निजणाऱ्या मुलांची यादी मात्र कुणाच्या दप्तरी आहे, हे विचारून बघा. पहाटे आई-बाप तोडीला गेल्यावर धाकट्याला सांभाळत बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी ही या भागातली सगळ्यात असुरक्षित व्यक्ती असते, असं माझं मत आहे.

सोयीपासून नियमापर्यंत

कोपीजवळ वर्ग भरवला ही झाली सोय. संस्थेचा निधी संपला की सोय संपते. तीन वर्षांचा प्रकल्प, मग फलक उतरवला, असं आपण पुष्कळ वेळा पाहतो. म्हणून दुसरी पायरी येते, तिला आपण 'पाठपुरावा' म्हणू. केलेल्या कामातून जे कळलं ते सरकारकडून नियमात लिहून घ्यायचं.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आपण सगळ्यांनी डी.एड.ला असताना किंवा नंतर प्रशिक्षणात तो ऐकलाय. पण त्याची काही कलमं स्थलांतरित मुलासाठी पुन्हा वाचा. कलम ४ म्हणतं, मूल वयानुरूप वर्गात घ्या. कलम ५ म्हणतं, दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 'दाखला आणा, मग बघू' हे वाक्य कायद्याने बंद केलेलं आहे, तरीही ते ऐकू येतं.

इथे एक पेच मात्र तयार झाला. कायद्याने मुलाला नियमित शाळेचा हक्क दिला. मग साखरशाळा, भोंगा शाळा यांचं काय? त्या तर अनौपचारिक. त्यामुळे कायदा आल्यावर त्यातल्या बऱ्याच मागे पडल्या आणि मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घाला असं धोरण आलं. शासनाने गावाकडं हंगामी वसतिगृहांची सोय केली, म्हणजे आई-वडील तोडीला गेले तरी मूल गावातच राहावं. 'शिक्षण हमी कार्ड' आलं, म्हणजे गाव सोडताना शाळेने कार्ड द्यायचं आणि जिथे मूल जाईल तिथल्या शाळेने त्यावर प्रवेश द्यायचा. २०१७ पासून 'बालरक्षक' म्हणून शिक्षकांना या कामात उतरवलं गेलं.

मुलाने गावी राहावं की आई-बापाबरोबर यावं, यावर कार्यकर्त्यांत आणि शिक्षकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, स्थलांतर थांबवा, मूल गावीच ठेवा. दुसरा म्हणतो, आई जिथे तिथे मूल असणारच, तिथे शिकवा. मला वाटतं दोघांचंही अर्धं बरोबर आहे. चौथी-पाचवीच्या पुढचं मूल आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहू शकतं, त्याचं वर्ष वाचतं. पण सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने आईपासून तोडून 'शाळाबाह्य शून्य' असा अहवाल पाठवण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही. त्या मुलासाठी कोपीपासून चालत जाता येईल अशी शाळा हवी, आणि ती त्याची वाट बघणारी हवी. वयात येणाऱ्या मुलीचा प्रश्न याहून अवघड आहे. तिला गावी एकटी ठेवायची भीती, कोपीवर आणायचीही भीती, म्हणून लग्न लावून टाकतात. चांगलं वसतिगृह हा तिच्यासाठी बालविवाह रोखण्याचाही उपाय आहे.

पत्र, याचिका आणि एक आकडा

पाठपुराव्याचे मार्ग अनेक आहेत: निवेदन, मोर्चा, जनसुनावणी, माहितीचा अधिकार, न्यायालय. मुलांना शिकवताना मी न्यायालयाचं एक उदाहरण हमखास देते, कारण त्यात पत्रलेखन आहे. स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि डिसेंबर १९८३ मध्ये निकाल दिला. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्येच झाला होता, पण तो खाणीपर्यंत पोचायला पत्र लिहिणारं कुणीतरी लागलं. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या आधारे वेठबिगारांना सोडवलं. या कायद्यानुसार वेठबिगाराचं कर्जच रद्द होतं. ऊसतोडीत उचलीपायी कुटुंबाला अडवून धरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हा कायदा आठवावा.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. टाळेबंदीत २०२० मध्ये मजूर पायी निघाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. माळशेज घाटाच्या रस्त्यानेही माणसं चालत वर आली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणात अंजली भारद्वाज, हर्ष मंदेर आणि जगदीप छोकर या कार्यकर्त्यांनी रेशनचा मुद्दा लावून धरला. जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना 'एक देश एक रेशन कार्ड' ३१ जुलैपर्यंत लागू करायला सांगितलं. म्हणजे बीडच्या कार्डावर ओतूरच्या दुकानात धान्य घेता येतं. सगळ्यांचं धान्य इथेच घ्यावं लागत नाही. काही इथे आणि काही गावी, मागे राहिलेले म्हातारे आई-वडील घेऊ शकतात. तुमच्या शाळेतल्या पालकांना हे माहीत आहे का, एकदा विचारा. माझा अनुभव असा की दहातल्या आठ जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यातले काही दुकानदाराला विचारायला बिचकतात.

मोजणीची ताकद दाखवणारा एक आकडाही सांगते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं. महिलांच्या संघटनांनी, त्यात महिला किसान अधिकार मंच अर्थात 'मकाम' होता, आवाज उठवला. सरकारने समिती नेमली आणि पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, कोपीजवळ ना संडास ना न्हाणी. कारणं सगळ्यांना ठाऊक होती, पण आकडा आल्यावरच हालचाल झाली. आपल्या गावात येणारी टोळी त्याच जिल्ह्यातून येते, हे लक्षात असू द्या.

न जाण्याचाही हक्क

स्थलांतरितांचे हक्क म्हणजे फक्त गेल्या ठिकाणचे हक्क, असं नाही. नाइलाजाने जावंच लागू नये, हाही हक्कच आहे. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. खुद्द आंबेगाव हे गावही बुडालं. तिथे कुसुम कर्णिक आणि त्यांच्या 'शाश्वत' संस्थेने लोकांबरोबर काम केलं. जलाशयात मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमातून भातखाचरं बांधायची 'पडकई' ही जुनी पद्धत आहे. ती रोजगार हमीच्या कामात धरली जावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. खाचर बांधायची मजुरी मिळाली आणि खाचरही स्वतःचंच. ज्या घरात भात पुरतं, त्या घराला नारायणगावच्या बाजारात उभं राहायची घाई कमी असते. संस्थेने बाहेरून आणलेली कल्पना लादली नाही, लोकांकडे होती तीच सरकारी नियमात बसवून घेतली. मला हे काम सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

वर्गात सामावून घेणं

पटावर नाव आलं म्हणजे मूल सामावलं, असं होत नाही. 'उसतोड्याची पोरं' अशी हाक मुलं घरातून शिकून येतात. टोळीत बंजारा मूल असेल तर त्याची घरची बोली गोरमाटी, खानदेशातून आलेलं असेल तर अहिराणी किंवा भिल्ली, ठाकराचं मूल आणखी वेगळं बोलतं. ते गप्प बसतं आणि आपण 'अप्रगत' लिहून मोकळे होतो. अशा मुलाला गणित तोडीवरच विचारून बघा. मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, टनाला अमुक भाव तर दोन खेपांचे किती? तोंडी उत्तर पटकन येतं. अडतं ते लिहिताना, हातच्याच्या जागी. मग शिकवायचं काय हे आपल्याला कळतं. वाढं, पाचट, कोपी, जू असे शब्द त्याच्याकडून फळ्यावर लिहून घेतले की इथली मुलंही माना वर करून बघतात.

करून बघा

हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत शाळेजवळच्या कोप्यांवर संध्याकाळी जा. सकाळी कुणी भेटत नाही. प्रत्येक मुलाचं नाव, वय, इयत्ता, गावाकडच्या शाळेचं नाव लिहा, आणि सहा वर्षांखालच्या मुलांची यादी अंगणवाडी ताईंना द्या. गावाकडच्या शाळेला फोन करा. तिथल्या गुरुजींना मूल नेमकं कुठं गेलं हे पुष्कळदा माहीत नसतं, तुमच्या फोनने त्यांचंही काम होतं. हमी कार्ड नसलं तरी प्रवेश थांबवू नका. आणि मार्चमध्ये परत जाताना हजेरीचे दिवस, झालेला अभ्यास, गुण असं सगळं एका कागदावर लिहून, शिक्का मारून पालकांच्या हातात द्या, एक प्रत शाळेत ठेवा. पालकांबरोबर मुकादमाचाही फोन नंबर टिपून ठेवा. पालकांचे नंबर दर हंगामाला बदलतात, मुकादमाचा सहसा तोच असतो.